तहानेचा उद्गार

किडन्या निकामी झाल्या आहेत हे कळलं तेव्हा मी रडले नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही नाही. पण दिवसभरात फक्त एवढंच पाणी प्यायचं, चहा, ताक, आमटी सगळं धरून, असं म्हणत सिस्टरने टेबलावरची छोटी बाटली उचलून दाखवली आणि माझे डोळे भरून आले. मी शाळेत मराठी शिकवत होते. उभा जन्म बोलण्यात गेला. तास संपला की शिक्षकांच्या खोलीतल्या माठापाशी जाऊन दोन पेले घटाघट प्यायचे आणि मगच खुर्चीत बसायचे. ती मी, आता बर्फाचा एक खडा तोंडात धरून तो हळूहळू विरघळवायला शिकणार होते.

हॉस्पिटल जुन्या पनवेलात, एका गजबजलेल्या रस्त्यावर. डायलिसिसची खोली दुसऱ्या मजल्यावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. नवरा मला नवीन पनवेलहून गाडीने सोडायचा आणि दुपारी न्यायला यायचा. एक हात मशीनला जोडलेला, अंगावर चादर, वर एसीचा गारठा. बहुतेक जण झोपायचे नाहीतर मोबाइल बघायचे. मला दोन्ही जमत नव्हतं.

माझ्या डावीकडच्या खाटेवर गव्हाणचे एक काका असायचे. पूर्वी त्यांचं मिठागर होतं. पुढे जमिनी प्रकल्पात गेल्या, मुलाने बांधकामाचा धंदा काढला. काका मोठ्या गाडीतून यायचे, पण अंगात सदरा आणि खांद्यावर पंचा तसाच. पहिल्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं, ‘‘जलमभर मीठ पिकवला बाय, आता जिबंला लावाया नाय.’’ यावर ते स्वतःच हसले.

उजवीकडे एक वयस्कर बाई. पांढरे केस, फिक्या रंगाची सुती साडी, कपाळावर काही नाही. पोटावर उशी, उशीवर एक जाड काळं पुस्तक उघडं ठेवलेलं आणि मोकळ्या हाताने त्या पानं उलटायच्या. ते बायबल आहे हे मला कळलं होतं. मराठी होतं, म्हणून नजर जात होती. दुसऱ्याच्या हातातलं वाचू नये हे पोरांना शिकवणारी मी, मान तिरकी करून वाचत होते.

‘‘अक्षर लागतंय का? थोडं तुमच्याकडे सरकवू?’’ त्यांनी विचारलं.

मी ओशाळले. पण तोंडून निघालंच, ‘‘लागतंय. एक विचारू? यातलं प्रत्येक वाक्य ‘आणि’ने का सुरू होतं? माझ्या वर्गात मुलांनी असं लिहिलं की मी लाल खूण करायचे.’’

त्या खळखळून हसल्या. मग सांगायला लागल्या. त्या पुण्याला पाळक घडवणाऱ्या एका विद्यालयात हिब्रू आणि जुना करार शिकवायच्या. हिब्रूत गोष्ट सांगताना प्रत्येक क्रियापदाच्या आधी ‘आणि’चं एक अक्षर चिकटलेलं असतं. तो उठला, आणि चालला, आणि त्याने पाहिलं, आणि तो थांबला. त्या एका अक्षरावरूनच ऐकणाऱ्याला कळतं की गोष्ट पुढे चालली आहे. ‘‘आमचे जुने भाषांतरकार भित्रे होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘देवाचा एकही शब्द गळायला नको म्हणून जिथे जिथे ‘आणि’ तिथे तिथे ‘आणि’. लहान मूल कसं, मग असं झालं, मग तसं झालं म्हणत गोष्ट सांगतं, तसंच ते.’’

‘‘मग त्यांनी ‘मग’ का नाही लिहिलं?’’ मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं. ‘‘इतकी वर्षं शिकवलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.’’

त्या दिवसापासून मी त्यांना बाई म्हणायला लागले आणि त्या मला ताई. त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातलं, वडील खेड्यापाड्यांत फिरणारे पाळक. नवरा गेल्यावर त्या रोडपालीला लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि खणखणीत होती. ‘इतकंच’ म्हणायच्या जागी त्या ‘एवढेच काय ते’ म्हणायच्या. ख्रिस्ती माणूस म्हणजे वांद्रे नाहीतर गोवा, इंग्रजी नावं आणि केक, एवढीच माझी समज होती. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुरणपोळी होत होती आणि अभंगांच्या चालीवर येशूची भजनं गायली जात होती. हे त्यांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझ्याच भाषेतला एक अख्खा वाडगा माझ्या पानात कधी वाढलाच गेला नव्हता, असं मला वाटलं.

आमचं बोलणं शब्दांवरून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. ‘करार’ का म्हणता, तो तर जमिनीचा असतो. ‘मंडळी’ म्हणजे चर्च की नाटकातली माणसं. माझी प्रत्येक शंका त्या गंभीरपणे घ्यायच्या आणि उत्तर माहीत नसेल तर तसं सांगायच्या. मला त्याचं विशेष वाटायचं. आमच्या घरी धर्माविषयी विचारलं की एक तर ‘असंच असतं’ हे उत्तर यायचं नाहीतर रागावणं.

काका मध्येच तोंड घालायचे. एकदा बाईंनी त्यांना सांगितलं, ‘‘काका, येशू आपल्या शिष्यांना मीठ म्हणाला होता. तुम्ही जगाचं मीठ आहात, अशा अर्थाचं.’’

‘‘मग डाक्टर तुमाला पन बंद करंल,’’ काका म्हणाले.

घरी मी हे सगळं सांगायचे. नवरा आधी हसून ऐकायचा. मग एके दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाला, ‘‘रोज काय एवढं बोलता तुम्ही?’’

‘‘हिब्रू शिकतेय.’’

‘‘जरा जपून.’’

‘‘कशापासून जपून?’’

‘‘तसं नाही गं. आजारी माणूस हळवा असतो. त्याला कुणी काही सांगितलं की पटतं.’’

मला राग आला. राग आला कारण हीच शंका माझ्याही मनाच्या एका कोपऱ्यात होती. पुढच्या वेळी सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं आणि मी सरळ विचारलं, ‘‘बाई, तुम्हाला मला ख्रिस्ती करायचंय का?’’

त्या चिडल्या नाहीत. ‘‘खरं सांगते. तुम्ही येशूला ओळखावं असं मला वाटतं. आपल्याकडे जे चांगलं आहे ते शेजारणीलाही मिळावं, असं कुणाला वाटत नाही? पण माझे वडील म्हणायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याचा धर्म मागू नये. तो नाही म्हणायला मोकळा नसतो. आणि इथे तर मी स्वतःच खाटेवर आहे.’’

‘‘मग आपण रोज करतो ते काय?’’

‘‘दोन मास्तरणी शब्दांवरून भांडतायत.’’

मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. नवरा ‘हं’ म्हणाला. त्याच्या ‘हं’चे अनेक अर्थ होतात, त्यातला हा वाईट नव्हता.

आमच्यात एकदा कटुताही आली. प्रभुभोजनाविषयी बोलत होतो. उपासनेत मिळणारा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला. बाई म्हणाल्या, तो पेलासुद्धा मी त्या दिवसाच्या पाण्यात धरते. मी सहज म्हटलं, ‘‘मी आले तर मला मिळेल?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या.

मला ते लागलं. ‘‘आमच्याकडे प्रसाद कुणालाही देतात. दारात आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू कोण.’’

‘‘ठाऊक आहे. लहानपणी मैत्रिणींकडे गणपतीचा प्रसाद द्यायचे, तो मी घ्यायची नाही. आईने तसं बजावलं होतं. मैत्रिणीच्या आईचा चेहरा पडायचा, तो मला अजून दिसतो.’’ त्यांनी चादर वर ओढली. ‘‘आमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात. त्यामागची कारणं मी तुम्हाला सांगू शकते, जुनी आहेत, विचार करून ठरवलेली आहेत. पण त्याने तुम्हाला बरं वाटणार नाही. उगाच गोड बोलून खोटं सांगावं, असं मला वाटत नाही.’’

त्या दिवशी आम्ही पुढे फारसं बोललो नाही. बुधवारी मी गेले तेव्हा बाईंनी आपणहून ती कारणं सांगितली. मला अर्धी पटली, अर्धी नाही. तसं मी त्यांना सांगितलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘मलाही साधारण तितकीच पटतात.’’ तिथून आमची मैत्री खरी झाली असं मी धरते.

उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे हे काही आठवडे त्यांच्यात पश्चात्तापाचे, साधेपणाचे. कुणी मांस सोडतं, कुणी चहा. बाई म्हणाल्या, यंदा माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलेलं नाही, डॉक्टरांनी सगळं आधीच सोडायला लावलंय. मग एका सोमवारी त्या जरा वेगळ्याच चेहऱ्याने आल्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्याकडे दुपारी मोठी उपासना होते. वधस्तंभावर असताना येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यांच्या पाळकांनी बाईंना पाचवा उद्गार दिला होता.

‘‘पाचवा कोणता?’’ मी विचारलं.

‘‘मला तहान लागली आहे.’’

माझी नजर त्यांच्या उशाजवळच्या बर्फाच्या डबीकडे गेली. बाई म्हणाल्या, ‘‘पाळकसाहेबांच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असेल.’’

त्यांनी उद्गार स्वीकारला होता. आमच्या पाळीचा दिवस शुक्रवारच, म्हणून टेक्निशियनला विनवून बाईंनी त्या आठवड्यातला आपला डायलिसिस गुरुवारी ठेवून घेतला. मी ऐकायला यायचं ठरवलं, म्हणून माझाही. आणि तयारीत त्यांनी मला ओढलं. ‘‘मी पंडितांसारखं बोलते, लोक झोपतात. तुम्ही शाळेत शिकवलंय, तुम्ही ऐका आणि कुठे कंटाळा येतो ते सांगा.’’

खाटेवर पडल्या पडल्या त्या मला तुकडा तुकडा ऐकवायच्या. एका स्तोत्रात भक्त म्हणतो की देवावाचून माझा जीव तहानला आहे. बाईंनी सांगितलं, तिथे जो हिब्रू शब्द आहे त्याचं भाषांतर आपण ‘जीव’ करतो, कुणी ‘आत्मा’ करतं. पण त्या शब्दाचा मुळातला अर्थ घसा. मान, घसा, श्वास जिथून जातो ती जागा. म्हणजे तो माणूस आधी सांगतोय की माझा घसा कोरडा पडलाय.

‘‘पण हे मराठीला कुठे नवीन आहे?’’ मी म्हटलं. ‘‘आपण म्हणतोच की, जीव कंठाशी आला.’’

बाई उठून बसायला गेल्या आणि मशीनने शिट्टी वाजवली. टेक्निशियन धावत आली, त्यांना पुन्हा नीट आडवं केलं, रागावली. ती गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, हे मला द्या. मी हे त्या दिवशी वापरणार.’’

काका सगळं ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘येक सांगा बाय. तुमचा तो देव होता ना? मग त्याला पानी कशाला लागला?’’

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग जसं विद्यार्थ्यांना सांगावं तसं सांगितलं. हाच प्रश्न पहिल्या शेदोनशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांनाही पडला होता. त्यातले काही म्हणाले, देवाला तहान लागेलच कशी? ते शरीर म्हणजे नुसता देखावा होता, आत वेदना नव्हती. त्यावर मोठा वाद झाला. शेवटी मंडळीने ठरवलं की नाही, शरीर खरं होतं, घसा खरा होता, तहान खरी होती. ज्याला तहानच लागत नाही त्याने आपल्याला काय सोडवायचं?

काकांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. ‘‘आमचा देव नाय कदी पानी मागत,’’ ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘पन मागितला त बरा हाय.’’

पुढची अडचण ‘आंब’ या शब्दाची होती. तहान लागली म्हटल्यावर शिपायांनी बोळा भिजवून त्याच्या तोंडाशी धरला, तो पाण्याचा नव्हता, आंबेचा होता. मला वाटलं व्हिनेगर. बाई म्हणाल्या, आंबलेला हलका द्राक्षरस असावा, गरीब शिपाई तोच प्यायचे. ‘‘तहानलेल्याला आंबट पाजायचं म्हणजे क्रूरपणाचा कळस. मी आयुष्यभर असंच शिकवलं. येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं आहेत, त्यातल्या एकात शिपायांनी थट्टा केली असं स्पष्ट आहे. पण दुसऱ्यात तो तहान लागली म्हणतो आणि ते लगेच देतात, एवढंच आहे.’’ ती थट्टा होती की दया, यावर विद्वानांची दोन मतं होती आणि बाई पहिल्या मताच्या होत्या.

उत्तम शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी आमच्या खोलीतला एसी बंद पडला. मशीनं चालू होती, पंखे कुठूनतरी आणून लावले होते, पण पनवेलचा उन्हाळा खिडकीतून आत येऊन बसला होता. बाईंनी त्यांच्या डबीतला बर्फ सुरुवातीलाच संपवला होता. त्यांचे ओठ पांढरे पडले. बोलायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटल्याचा आवाज यायचा. टेक्निशियनने कापसाने ओठ ओले केले, त्याने काय होणार.

काकांकडे स्टीलचा लहान थर्मास असायचा. त्यांची सून त्यात लिंबाचा थेंब टाकून केलेले बर्फाचे खडे द्यायची. काकांनी थर्मास मोकळ्या हाताने उचलला आणि टेक्निशियनपुढे केला. ‘‘बायला दे.’’

‘‘काका, त्यांचं आजचं झालंय. जास्त दिलं तर मलाच ओरडा बसेल.’’

‘‘माज्या वाट्यातला हाय. माज्यात धर.’’

मी खुणेनेच टेक्निशियनला म्हटलं, दे. तिने चमच्याने एक खडा बाईंच्या जिभेवर ठेवला. बाईंनी डोळे मिटले. लिंबाच्या आंबटपणाने त्यांच्या गालाची एक शीर उडली. खूप वेळ त्या तशाच पडून होत्या. मग काकांच्या दिशेने हात किंचित वर केला. काकांनीही केला.

घरी जायची वेळ झाली, हाताला पट्ट्या बांधून आम्ही दोघी लिफ्टची वाट बघत होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘ताई, माझं भाषण पुन्हा करावं लागणार.’’

उपासना खांदा कॉलनीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. नवऱ्याने मला सोडलं आणि म्हणाला, मी बाहेर गाडीत थांबतो. आतल्या लोकांनी मला बसायला जागा दिली, एका मुलीने गीतांचं पुस्तक हातात ठेवलं. समोर काळं कापड घातलेलं मेज, साधा लाकडी क्रूस, फुलं नाहीत. पेटीवर गाणी चालली होती, चाल इतकी ओळखीची की पाय आपोआप ताल धरत होता. लोक पांढऱ्या साध्या कपड्यांत. कुणी कुणाशी गप्पा मारत नव्हतं. कुणाच्या घरी कुणी वारलं असेल तर आपण जसे जाऊन बसतो तसेच सगळे बसले होते. मधेच मागे वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर नवरा. बाहेर ऊन फार होतं, असं नंतर म्हणाला.

बाई उभ्या राहिल्या. आधीचे चौघे आवाज चढवून बोलले होते. बाई वर्गात बोलावं तशा बोलल्या. घशाविषयी सांगितलं. जीव कंठाशी येणं हे आपली मराठी म्हणते, असं म्हणताना त्यांनी मला शोधून माझ्याकडे पाहिलं. मग आंबेवर आल्या. दोन्ही मतं मांडली. आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, पुढचा शब्द फुटेना.

पहिल्या रांगेतला एक गृहस्थ लगबगीने पाण्याचा भरलेला ग्लास घेऊन गेला. बाईंनी ग्लासाकडे पाहिलं. तो पूर्ण ग्लास म्हणजे काय, हे तिथे फक्त आम्ही दोघी जाणत होतो. त्यांनी ओठ बुडतील एवढा एक घोट घेतला आणि ग्लास मेजावर ठेवला.

‘‘कोणतं मत खरं, हे मला सांगता येत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मजकूर दोन्ही अर्थ काढू देतो. पण या आठवड्यात माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या एका माणसाने त्याच्या वाट्याचा बर्फ मला दिला. त्याला स्वतःला तहान होती. तो आपल्या मंडळीचा नाही. तेव्हापासून त्या शिपायाला क्रूर म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्याच्याकडे असेल ते त्याने दिलं असेल.’’

त्यांनी एवढंच बोलून आटोपतं घेतलं. सातांतलं सगळ्यांत छोटं भाषण त्यांचं होतं. गाडीत नवरा म्हणाला, ‘‘बाईंना घरी सोडू या, उगाच रिक्षा कशाला.’’ रोडपालीपर्यंत त्यांचं आणि त्याचं नगरच्या हवेवर बोलणं झालं.

सोमवारी काकांनी विचारलं, ‘‘काय बोललात बाय?’’

‘‘तुमच्याविषयी बोलले.’’

‘‘माजा नाव घेतला काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बरा.’’

गणपती झाल्यानंतरच्या आठवड्यात काका आले नाहीत. बुधवारी त्यांची खाट तशीच रिकामी होती, शुक्रवारी तिच्यावर दुसरं कुणी होतं. टेक्निशियनने सांगितलं, पहाटे घरीच गेले, छातीत पाणी झालं होतं.

आम्ही गव्हाणला जायचं ठरवलं. नवऱ्याने गाडी काढली, रोडपालीहून बाईंना घेतलं. उलव्याच्या उंच इमारती मागे टाकून गावात शिरलो. काकांचं घर नवं, तीन मजली, संगमरवरी जिन्याचं. माजघरात बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये काकी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सुनेने हळूच सांगितलं, ‘‘आई अजून रडल्या नाहीत. जेवतसुद्धा नाहीत धड.’’

मी काकींशेजारी बसले आणि सगळे बोलतात तेच बोलले. फार हाल झाले नाहीत, सुटले. मुलं चांगली आहेत. देवाची इच्छा. काकी माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना ऐकू येत नसावं. माझे शब्द संपले. बाई दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या, अगदी टेकून, आणि त्यांनी तोंड उघडलंच नाही. चहा आला, तो त्यांनी खुणेने नको म्हटला. मला अवघडायला झालं. त्यांनी निदान दोन शब्द बोलावेत, असं वाटत होतं.

बराच वेळ गेला. मग काकींची नजर बाईंच्या डाव्या हाताकडे गेली. आम्हा डायलिसिसवाल्यांच्या हातात शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथे फुगवटा येतो आणि बोट ठेवलं की आत रक्त धावताना मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. ते चालू आहे ना, हे रोज सकाळी तपासायचं असतं, थांबलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

काकींनी हात पुढे केला आणि तळवा बाईंच्या त्या फुगवट्यावर ठेवला. बाईंनी हात तसाच राहू दिला.

‘‘चालू हाय,’’ काकी म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘रोज सकाली मीच बगायची त्यांचा. मंग चाय द्यायची.’’

आणि त्या रडायला लागल्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. सून धावत आली, पण बाईंनी तिला मानेनेच थांबवलं. काकींचं डोकं बाईंच्या खांद्यावर होतं आणि तळवा अजून हातावरच होता. आम्ही निघालो तेव्हा काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सून त्यांना भाताचे घास भरवत होती.

परतताना गाडीत मी म्हटलं, ‘‘बाई, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.’’

‘‘जुन्या करारात एक माणूस आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलंबाळं गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. मी विद्यार्थ्यांना सांगायची, त्या मित्रांनी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.’’

मला माझे मघाचे शब्द आठवले. बाईंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. ‘‘तुम्हाला उद्देशून नाही हो.’’

पुढून नवऱ्याने विचारलं, ‘‘काय बोलले ते मित्र?’’

‘‘तुझंच काही चुकलं असेल, म्हणून देवाने हे केलं. तो म्हणत राहिला, माझं काही चुकलेलं नाही. देवाशी भांडला, त्याला जाब विचारला. पानंच्या पानं नुसती तक्रार.’’

‘‘आणि देव?’’

‘‘देव त्या मित्रांवर रागावला. म्हणाला, हा तक्रार करणाराच माझ्याविषयी खरं बोलला.’’

नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला. मी आजारी पडल्यापासून त्याने देवघरासमोर उभं राहणं सोडलं होतं. त्याविषयी तो बोलला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं.

‘‘म्हणजे भांडलं तर चालतं,’’ तो म्हणाला.

‘‘चालतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘फक्त त्याच्या तोंडावर भांडायचं. पाठीमागे नाही.’’

हल्ली आमची पाळी दुपारची झाली आहे. बाईंच्या हातातली ती जोडलेली शीर दोनदा बंद पडली, दोनदा उघडून झाली, त्या आता बारीक आवाजात बोलतात, पण बोलतात. मी त्यांच्याकडून हिब्रूची अक्षरं शिकले, उजवीकडून डावीकडे. ख्रिस्ती झाले नाही, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढलाही नाही. सध्या त्या त्यांच्या मंडळीतल्या बायकांसाठी एक लहानसं स्तोत्र आजच्या मराठीत करतायत आणि मी ते तपासतेय. कालच आमचा ‘कृपा’ आणि ‘माया’ यांवरून वाद झाला. त्या म्हणतात, कृपा वरून खाली येते. मी म्हणते, माया कुठूनही येते, म्हणून तीच घाला. मशीन बंद झालं तरी आमचं ठरलं नव्हतं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, आणि घरी जाताना त्याने आपलं मत दिलं. ते बाईंच्या बाजूचं होतं.